भंगारात देण्याआधी एकदा सायकल उलटी करून बघा

(रौप्यमहोत्सवी वर्षातील कौटुंबिक मेळाव्यात केलेले भाषण. स्मरणिकेसाठी थोडे नीटनेटके करून देत आहे.)



सोसायटीला २५ वर्षं पूर्ण झाली. सेक्रेटरी साहेब मला म्हणाले, "काका, तुम्ही बँकेतले. निवृत्तांसाठी गुंतवणुकीवर बोला." मी म्हटलं, व्याजदरावर बोललो तर निम्मे लोक झोपतील आणि उरलेले निम्मे कार्यक्रम संपल्यावर मला ठेवीचे फॉर्म भरायला बसवतील. त्यापेक्षा मी आज सायकलीवर बोलतो. विषय साधा वाटेल, पण त्याला कारण आहे, आणि ते कारण आपल्या नोटीस बोर्डावर लावलेलं आहे.

नोटीस आपण वाचलीच असेल. जिन्याखाली आणि पाण्याच्या टाकीमागे पडून असलेल्या बेवारस सायकली महिनाअखेर भंगारात द्यायच्या, म्हणजे गाड्यांना जागा होईल. मी खाली जाऊन मोजल्या. सतरा आहेत. कमिटीचं चुकतंय असं माझं म्हणणं नाही. आपण इथे राहायला आलो तेव्हा चारचाकी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. आज रात्री नऊनंतर येणाऱ्याला गाडी रस्त्यावर लावावी लागते. जागा हवी, हे मान्य. माझं म्हणणं एवढंच की बँकेत आम्ही तारण विकायच्या आधी ते काय आहे हे बघायचो. पिवळं दिसतंय म्हणून कोणी सगळं पितळेच्या भावाने मोजत नाही. सायकलींच्या बाबतीत तेवढंच करावं, ही विनंती करायला मी उभा आहे.

आता बँकेच्या माणसाला सायकलीचं काय कळतं, असं तुम्ही म्हणाल. मला ते बँकेनेच शिकवलं. १९७२ साली सरकारने गरिबांसाठी चार टक्के व्याजाची कर्ज योजना आणली. आम्ही तिला डीआरआय म्हणायचो. मी नोकरीला लागलो तेव्हा त्या योजनेत सर्वांत जास्त मागणी होती ती सायकलीला. दूधवाले, पाववाले, भांडी विकणारे, फेरीवाले. गावात जाऊन तपासणी करायची, म्हणजे कर्ज सायकलीसाठी घेतलं आणि सायकल खरंच घेतली का हे बघायचं. त्यासाठी फ्रेमचा नंबर कागदाशी जुळवावा लागे. हा नंबर कधी सीटखालच्या सांध्यावर असतो, कधी पायडलच्या अॅक्सलखाली. म्हणून मी सायकल सरळ उलटी करायचो. एका खेड्यात एक दूधवाला मला म्हणाला होता, "काय भो साहेब, सायकल पाहता का म्हशीचे दात पाहता?"

पण उलटी केलेली सायकल बघायची सवय लागली ती कायमचीच. आणि हळूहळू लक्षात आलं की हे यंत्र दुसऱ्या यंत्रांसारखं नाही. स्कूटरचं इंजिन झाकलेलं असतं. मोबाईल तर उघडताच येत नाही. सायकलीत लपवलेलं जवळजवळ काहीच नसतं. कुठला भाग कशासाठी आहे हे डोळ्यांना दिसतं. ज्याला हे दिसायला लागतं त्याला सायकल सुंदर वाटायला लागते. जगभर जे लोक जुन्या सायकलींचे आणि त्यांच्या सुट्या भागांचे शौकीन आहेत, ते वेडे नाहीत. ते फक्त नीट बघतात.

आपल्याकडे सगळ्यांना माहीत असलेली काळी सायकल घेऊ. २८ इंची चाकं, सळ्यांचा ब्रेक, बंद चेनकव्हर, मागे कॅरिअर आणि मोठं स्टँड. इंग्रजांच्या देशात तिला रोडस्टर म्हणत, म्हणजे रस्त्यावरची सायकल. रस्ता कसला, तर खडीचा आणि मातीचा. आपल्या काळ्या मातीच्या गाडरस्त्यांनाही ती चालली, कारण ती तशाच रस्त्यांसाठी घडवलेली होती. चाक मोठं असलं की खड्डा लहान होतो. चिमटा पुढे झुकलेला असला की धक्का हातापर्यंत येत नाही. चेनकव्हर कशासाठी? धोतर, पायजमा, लुगडं चेनमध्ये अडकू नये म्हणून.

आता ब्रेक. आजच्या सायकलीत तार असते, त्या जुन्या सायकलीत सळ्या असतात. तार पावसात आतून गंजते आणि एके दिवशी तुटते, सळी तुटत नाही. शिवाय हा ब्रेक रिमला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरत नाही. तो रिमच्या आतल्या अंगाला, म्हणजे आऱ्यांच्या बाजूने, वर ओढला जातो. त्यामुळे चाक थोडं आऊट असलं तरी ब्रेक लागतो. खेड्यात चाकाचा आऊट काढणारा रोज कुठून मिळणार? ज्याने हा ब्रेक केला त्याने हा विचार केला होता. उतारावर तो फारसा भरवशाचा नाही हेही खरं, पण आपल्या सपाट तापीकाठाला पुरेसा होता.

मग सीट. जुन्या चामडी सीटमध्ये फोम नसतो. पुढच्या टोकापासून मागच्या पट्टीपर्यंत जाड चामडं ताणून बसवलेलं असतं. आपल्या बाजेसारखंच. बाजेला झोळ पडला की आपण पायथ्याची दोरी ओढतो, तसं या सीटच्या नाकाखाली एक नट असतो. तो आवळला की चामडं पुन्हा ताणलं जातं. ब्रूक्स ही बर्मिंगहॅमची कंपनी १८६६ साली सुरू झाली, घोड्याच्या सामानापासून. तिची बी-१७ नावाची सीट १८९६ च्या आसपासपासून आजपर्यंत विकली जाते. सव्वाशे वर्षं एकच वस्तू बाजारात टिकते, याचा अर्थ ती पहिल्यांदाच बरोबर जमली होती.

आणि शौकीन लोक सायकलीजवळ गेले की सगळ्यात आधी कुठे बघतात? हँडलखालच्या नळीवरच्या बिल्ल्याकडे आणि पायडलच्या दातेरी चक्राकडे. रॅलेच्या बिल्ल्यावर हेरॉन म्हणजे बगळ्याच्या जातीचा पक्षी असतो, आणि तिच्या कित्येक सायकलींच्या चक्रातही त्याच पक्ष्याची मान कापलेली असते. रजच्या चक्रात हाताचा पंजा. बीएसए ही मुळात बंदुका करणारी कंपनी, म्हणून तिच्या बिल्ल्यावर एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन रायफली. हंबर ओळखायची असेल तर पुढचा चिमटा बघा, चाकाच्या दोन्ही बाजूंना एकेक नळी नसून दुहेरी नळ्या असतात. बिल्ला पडून गेला, रंग उडाला, तरी सायकल आपलं नाव सांगते.

सर्वांत गंमत मागच्या चाकात असते. काही इंग्रजी सायकलींच्या मागच्या हबमध्ये तीन गिअर असायचे, स्टर्मी-आर्चर कंपनीचे. बाहेरून नुसता जाडसर हब दिसतो. आत मधोमध एक दातेरी चाक आणि त्याच्याभोवती फिरणारी चार छोटी दातेरी चाकं असतात, सूर्याभोवती ग्रह फिरावेत तशी. मधल्या गिअरला मागचं चाक दातेरी चकतीच्या बरोबरीने फिरतं, खालच्या गिअरला तिच्या पाऊणपट, वरच्या गिअरला सव्वापटीहून थोडं जास्त. चालवताना घड्याळासारखी टिकटिक ऐकू येते. आणि या हबवर बहुतेक वेळा त्याच्या जन्माची तारीख ठोकलेली असते. ५७ आणि ३ असे आकडे दिसले तर तो १९५७ सालच्या मार्च महिन्यात तयार झालेला. रॉकेलचं फडकं घेऊन मळ पुसायचा, जन्मदाखला वाचायचा. आपल्यापैकी किती जणांचा जन्मदाखला इतक्या सहज सापडतो?

ही झाली कामाची सायकल. आता शर्यतीच्या, म्हणजे खऱ्या अर्थाने रस्त्यावर वेगाने पळवायच्या सायकलींबद्दल थोडं सांगतो, कारण या छंदाचा मोठा भाग त्यांच्याभोवती आहे. माझा मुलगा पुण्याला असतो. तिथे एका रविवारी सकाळी तो मला त्याच्या मित्रांच्या गटात घेऊन गेला. आठ-दहा जण जुन्या पोलादी रेसिंग सायकली घेऊन आले होते. मी समजलो आता पळवतील. कसलं काय! तासभर सगळे नुसते सायकलींभोवती उकिडवे बसून बघत होते. एक जण दुसऱ्याच्या गिअरवर बोट ठेवून म्हणाला, "हा मूळचाच आहे ना?" बाजूला चहा थंड होत होता. मला आपल्याकडच्या बैलबाजाराची आठवण झाली. तिथेही माणसं बैलाच्या खुरांकडे अशीच बघतात.

मीही मग त्यांच्यासारखाच उकिडवा बसलो. काय दिसलं, ते सांगतो. आपली काळी सायकल वीस किलोच्या घरात जाते. त्या सायकली साधारण दहा किलोच्या. मजबुती कमी न करता वजन निम्मं कसं केलं? एक तर नळ्यांमुळे. इंग्लंडच्या रेनॉल्ड्स कंपनीने १९३५ साली ५३१ नावाचं पोलाद आणलं. त्याच्या नळ्या दोन्ही टोकांना जाड आणि मध्ये पातळ असतात. बाहेरून हात फिरवला तर कळत नाही, फरक आतून असतो. ताण येतो तो सांध्यावर, मग मधे धातू वाया कशाला घालवायचा? बांबूच्या गाठी निसर्गाने अशाच ठेवल्या आहेत, भार घेणारी जागा भक्कम आणि मधला भाग हलका.

दुसरं म्हणजे सांधे. नळ्या जिथे एकमेकींना भेटतात तिथे पोलादाचा टोप असतो, त्याला लग म्हणतात. नळी त्यात घालायची, तापवायची आणि फटीत वितळलेलं पितळ किंवा चांदीमिश्रित धातू खेचला जाऊ द्यायचा. चांगले कारागीर या लगच्या कडा कानशीने घासून पातळ आणि टोकदार करत, काही जण त्यात बदाम, पानं कापत. ही नुसती हौस नव्हे. कड पातळ असली की ताण एकाच रेषेत साचत नाही, हळूहळू पसरतो. सुंदर दिसतं आणि टिकतंही.

आणि तिसरं, सुटे भाग. यात एक नाव तुम्हाला कुठल्याही शौकिनाच्या तोंडून ऐकू येईल, कॅम्पान्योलो. इटलीतल्या व्हिचेन्झाचा टुलिओ कॅम्पान्योलो हा स्वतः शर्यतीत उतरणारा सायकलपटू. त्या काळी मागच्या चाकाच्या दोन बाजूंना दोन वेगवेगळ्या दातांच्या चकत्या असत. चढ आला की खाली उतरायचं, चाक काढायचं, उलटं करून पुन्हा बसवायचं. असं सांगतात की १९२७ च्या नोव्हेंबरात एका बर्फाळ घाटात गारठलेल्या बोटांनी त्याला चाकाचे नट सुटेनात आणि शर्यत हातची गेली. त्यातून त्याने एका दांड्याने क्षणात चाक मोकळं करणारी कळ शोधली. १९३० साली तिचं पेटंट घेतलं आणि १९३३ मध्ये कारखाना काढला. मुलांनो, तुमच्या गिअरच्या सायकलीचं पुढचं चाक पान्हा न लावता एका लिव्हरने सुटतं ना? घरी गेल्यावर बघा. ती लिव्हर त्या घाटातून तुमच्यापर्यंत आली आहे.

पुढे १९५० च्या सुमारास याच कारखान्याने ग्रान स्पोर्ट नावाचा मागचा गिअर आणला. शाळेत आपण समांतरभुज चौकोन शिकतो. तो तिरका केला तरी समोरासमोरच्या बाजू समांतरच राहतात. गिअरचं यंत्र याच तत्त्वावर बसवलं, म्हणजे ते बाजूला सरकतं पण वाकडं होत नाही, चेन सरळ राहते. १९६४ साली जपानच्या सनटूर कंपनीने हाच चौकोन जरा तिरपा बसवला आणि गिअर आणखी अचूक पडू लागले. आज आपल्या पार्किंगमधल्या पोरांच्या सायकलींवर याच कल्पनेची लेकरं लटकलेली आहेत. भूमितीचा काय उपयोग असं विचारणाऱ्यांनी हेही घरी जाऊन बघावं.

अशाच पोलादी सायकलीवर बेल्जियमच्या एडी मर्क्सने १९७२ साली मेक्सिको सिटीत एका तासात ४९ किलोमीटर ४३१ मीटर अंतर कापलं. सायकल इटलीच्या एर्नेस्टो कोलनागोने बांधलेली, वजन सहा किलोच्या आत. वजन वाचवायला चेनच्या कड्यांनासुद्धा भोकं पाडली होती.

हे सगळं परदेशातलं झालं, आपल्याला त्याचं काय, असं कोणी म्हणेल. मी एक उदाहरण देतो. इटलीच्या टस्कनी भागात १९९७ पासून लेरोइका नावाची एक सायकलफेरी निघते. नियम असा की सायकल १९८७ च्या आधीची हवी, गिअरच्या कळा फ्रेमच्या नळीवर हव्यात, ब्रेकच्या तारा हँडलच्या बाहेरून आलेल्या हव्यात. ही फेरी सुरू का झाली? तिथले पांढऱ्या खडीचे जुने रस्ते डांबराखाली जाऊ नयेत म्हणून. आपल्या गावात काय टिकवण्यासारखं आहे हे लोकांना दाखवण्यासाठी त्यांनी जुन्या सायकली बाहेर काढल्या. गाव लहानसं आहे, गाईओले. आज जगभरातून माणसं तिथे सायकली घेऊन जातात.

आणि इतकं लांब जायलाही नको. पुण्यात कर्वेनगरात विक्रम पेंडसे यांचं सायकल संग्रहालय आहे, २०१७ साली ते लोकांसाठी खुलं झालं. एका माणसाच्या छंदातून उभं राहिलेलं. शंभराहून जास्त जुन्या सायकली आहेत. दुसऱ्या महायुद्धात छत्रीधारी सैनिकांसाठी केलेली, मधोमध दुमडणारी बीएसए तिथे आहे. दिवे, घंट्या, पंप, नगरपालिकेच्या कराचे बिल्ले असं किरकोळ वाटणारं सामानही आहे. तुम्हाला आठवत असेल, पूर्वी सायकलीला दरवर्षी नगरपालिकेचा कर होता आणि त्याचा धातूचा बिल्ला लावावा लागे. बिल्ला नसला, किंवा संध्याकाळी दिवा नसला, की पोलिस चाकातली हवा सोडायचा. ते बिल्ले आपण फेकून दिले. तिथे ते काचेत आहेत.

आता आपल्या दीपनगरकडे येतो. १९६८ साली इथल्या वीज केंद्राचा पहिला संच सुरू झाला. तो संच आता नाही, पण त्यावर काम केलेल्यांपैकी काही जण आज या मांडवात बसले आहेत. पाळी सुटली की फाटकातून सायकलींचा लोंढा बाहेर पडायचा, फेकरीकडे, भुसावळकडे, वरणगावकडे. भुसावळ रेल्वेचं गाव. तिथे ड्रायव्हर-गार्डना ड्युटीवर बोलवायला कॉलबॉय वही घेऊन सायकलीवरच क्वार्टरच्या दारात यायचा, रात्री दोनला सुद्धा. रेल्वे सायकलीवर धावत होती म्हटलं तरी चालेल. नोकरदाराला सायकलीसाठी आगाऊ रक्कम मिळायची आणि ती पगारातून हप्त्याने कापली जायची. आज गाडीचं कर्ज मंजूर झालं की जसे पेढे वाटतात, तसे तेव्हा सायकल आली की वाटायचे. चाकांच्या आऱ्यांत रंगीत मणी, हँडलला झिरमिळ्या, आणि पहिल्या दिवशी नारळ.

या सायकली करणाऱ्या आपल्या कंपन्याही आता आठवणीत जायला लागल्या आहेत. मुंबईत वरळीला हिंद सायकलचा कारखाना होता. स्वातंत्र्यानंतर आसनसोलला सेन-रॅले, मद्रासजवळ अंबत्तूरला टीआय, सोनिपतला अॅटलस, लुधियानाला हिरो. यातली हिरो आजही जोरात आहे. पण अॅटलसच्या साहिबाबादच्या कारखान्यात २०२० साली काम थांबलं, आणि तेही ३ जूनला, म्हणजे जागतिक सायकल दिनाच्याच दिवशी. कारखाना बंद झाला की त्याचे सुटे भाग बनायचे थांबतात. मग एखाद्याला आपल्या वडिलांची सायकल पुन्हा चालती करायची असेल, तर मूळचा भाग मिळणार कुठून? आपल्या जिन्याखालून. म्हणून मी म्हणतो, जी सायकल पूर्ण उभी राहणार नाही तिचाही हब, चक्र, ब्रेक, घंटी दुसऱ्या एखाद्या सायकलीचं आयुष्य वाढवू शकते. वजनावर गेली की ते सगळं भट्टीत जातं.

नोटिशीतल्या एका शब्दाबद्दल बोलायचं आहे. बेवारस. बँकेत आम्ही हा शब्द फार जपून वापरायचो. दहा वर्षं कोणी हात न लावलेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या वेगळ्या निधीत जमा होते. २०१४ पासूनचा हा नियम आहे. पण तिथेही वारसाचा हक्क संपत नाही. पंधरा वर्षांनी कोणी कागद घेऊन आला तर त्याला पैसे मिळतात, आणि बँकांना अशा खात्यांची यादी लोकांना बघता येईल अशी ठेवावी लागते. हक्क सांगायला कोणी आलं नाही आणि वारस नाही, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

त्या सतरांपैकी एक हिरवी सायकल आहे, रंग आता काळाच दिसतो. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींची परवानगी घेऊनच सांगतो. त्यांचे यजमान बॉयलर विभागात होते, २८ वर्षं त्याच सायकलीवर ड्युटीला गेले. ते जाऊन नऊ वर्षं झाली. वहिनींचे गुडघे धरलेत, त्या खाली येत नाहीत, त्यामुळे सायकलीला कोणी विचारत नाही. मी त्यांना नोटिशीचं सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "भाऊजी, बेवारस कशी? मी आहे ना." मला उत्तर देता आलं नाही. कमिटीलाही हे माहीत नव्हतं, त्यात कोणाचा दोष नाही. पण उरलेल्या सोळांमागे अशी किती घरं असतील हे आपण विचारलेलंच नाही.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल काका भावनेच्या भरात बोलतात. जुनं ते सगळं सोनं नसतं. त्या सतरांमध्ये चार-पाच लहान मुलांच्या साध्या सायकली आहेत, त्यांच्या फ्रेम सांध्यावर तुटलेल्या आहेत. त्या खुशाल द्या. माझ्या नजरेला तिथे एकही इटालियन सायकल दिसलेली नाही, तेव्हा कोणी लखपती व्हायची स्वप्नं बघू नका. पण एका सायकलीचा मागचा हब मला जाडसर वाटला. मळाने भरलेला आहे, आकडे दिसत नाहीत. आणि दोन सायकलींना ताणलेल्या चामड्याच्या सीट आहेत, फाटलेल्या नाहीत. बँकेच्या हिशोबात वस्तूवर दरवर्षी घसारा धरतात, आणि शेवटी पुस्तकात तिची किंमत एक रुपया उरते. तो एक रुपया का ठेवतात माहीत आहे? वस्तू अजून आहे, हे विसरू नये म्हणून.

ज्यांना स्वतःची जुनी सायकल सांभाळायची आहे त्यांच्यासाठी चार सूचना. पहिली, नवा रंग देऊ नका. मूळ रंग आणि त्यावरच्या सोनेरी रेघा कितीही फिकट असल्या तरी त्यातच तिची ओळख असते. एकदा पॉलिशपेपर मारला की ती परत येत नाही. दुसरी, क्रोमवरचा वरवरचा गंज डब्यातल्या चपातीच्या चांदीच्या कागदाचा बोळा पाण्यात बुडवून हलक्या हाताने घासला तरी बराच निघतो. तिसरी, चामड्याची सीट तेलात भिजवू नका, ती मऊ पडून बसते. मेणाचं पॉलिश पातळ हाताने लावा आणि पावसापासून जपा. चौथी, पायडलचा दांडा बसवणारी कॉटर पिन अडकली असेल तर नुसता हातोडा घालू नका. खालून भक्कम आधार द्या, नाहीतर आतले छर्रे आणि त्यांची वाटी खराब होते. शक्यतो जुन्या मिस्त्रीकडूनच काढून घ्या. आपल्या बाजारपेठेत असे एक-दोन चाचा अजून आहेत. ते आहेत तोवर शिकून घ्या.

शेवटी माझी विनंती कार्यकारिणीपुढे ठेवतो. सूचना तीन आहेत आणि त्यात सोसायटीचा एक रुपया खर्च नाही.

एक, भंगारवाल्याला एक महिना थांबवा. सतरा सायकलींना नंबराच्या चिठ्ठ्या बांधा, आणि बिल्ला, रंग, फ्रेम नंबर अशी यादी करून बोर्डावर आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवर लावा. पुण्या-मुंबईला, परदेशात गेलेल्या मुलांनाही ती दिसेल. ती यादी मी करून देतो. फ्रेम नंबर शोधायची मला सवय आहे.

दोन, येत्या रविवारी सकाळी आठ वाजता रॉकेल, जुनी फडकी आणि पान्हे घेऊन पार्किंगमध्ये जमू. मोठ्यांनी सांगायचं, लहानांनी पुसायचं. जो मुलगा किंवा मुलगी हबवरचं साल सर्वांत आधी वाचेल त्याला माझ्याकडून बक्षीस. ज्या चालत्या होतील आणि ज्यांना घरच्यांनी सोडचिठ्ठी दिली असेल, त्या आपले वॉचमन, घरकामाला येणाऱ्या ताई यांच्या शाळेत जाणाऱ्या मुलांना द्या. सायकलीचा सर्वांत मोठा सन्मान म्हणजे ती चालवणं.

तीन, जिची गोष्ट सर्वांत चांगली निघेल ती एक सायकल सभागृहाच्या व्हरांड्यात भिंतीला लावून ठेवू. खाली छोटी पाटी, कोणाची, कोणत्या साली घेतलेली, कुठून कुठे चाललेली. चारचाकीची जागा अडणार नाही, भिंत रिकामीच आहे.

उरलेलं वजनावर जाऊ द्या. तेव्हा माझीही हरकत नसेल, कारण काय दिलं हे आपल्याला माहीत असेल.

 सोसायटीच्या सुवर्णमहोत्सवाला मी असेन की नाही सांगता येत नाही, पण त्या सायकली असाव्यात.

जय हिंद, जय महाराष्ट्र.

(ता. क. : कार्यक्रमानंतर कार्यकारिणीने एक महिन्याची मुदत मान्य केली. हा मजकूर छापायला देईपर्यंत सहा सायकलींना त्यांची घरं सापडली आहेत. जाडसर हबवरचा मळ एका सहावीतल्या मुलीने पुसून काढला. आकडे आहेत ६१ आणि ८.)